बाटली चमकली नाही

देवमन सर सहा वर्षं हंगामी होते. रिसोडकडच्या एका शाळेत विज्ञान शिकवायचे, आणि दर जूनला "यंदा तरी पक्कं होते का?" असं बायको रुख्मिणीनं विचारायचं, हेही ठरलेलं. चौऱ्याहत्तर साली जिल्ह्याचे साहेब तपासणीला निघाले. मुख्याध्यापक पंजाबराव म्हणाले, "देवमन, काई येगळं करून दाखव. शेरा चांगला आला त ऑर्डर तुयीच."

झालं. सरांच्या अंगात आलं. कॅरमवर टाकतात ती बोरिक पावडर त्यांनी पळीत वितळवली, चिमूटभर पिवळा रंग घातला, थंड करून काचेसारखी टणक चकती केली. तोच रंग एका बाटलीत पाण्यात कालवला. दोन्ही वस्तू आधी उन्हात ठेवायच्या, मग अंधारात आणायच्या.

साहेब आले. नारळ झाला, चहा झाला, पोहे दोनदा झाले. पोरं बसली होती त्या वर्गाच्या खिडक्यांना पोती लावली. चकती हिरवट चमकत राहिली, चांगली दहा मोजेपर्यंत. बाटली ठार काळी. सरांना असा आनंद झाला, की साहेबांनी विचारायच्या आधीच ते सांगायला लागले.

"साहेब, रंग एकच आहे. पाण्यात त्याचे रेणू मोकळे असतात. धडपडतात, आपटतात, उन्हातून घेतलेली ताकद तिथंच उधळून बसतात. चकतीत ते गच्च अडकलेत. हलता येत नाही, म्हणून तीच ताकद दमानं उजेड होऊन बाहेर पडते."

साहेबांनी वही उघडली. "वस्तू दोन. चमकली एक."

"दुसरी चमकू नये म्हणूनच ठेवली, साहेब. त्याशिवाय कारण कसं कळणार?"

"न चमकणारी वस्तू तुम्ही मुद्दाम ठेवली?"

"पोरगं नवीन हाय, साहेब," पंजाबराव मधेच बोलले. सहा वर्षांचं नवीन पोरगं! शेरा पडला: पन्नास टक्के यश, सुधारणा करावी. ऑर्डर गेली बोंबलत, आणि त्या दिवशी सर घरी जेवले नाहीत.

पुढच्या तपासणीआधी पंजाबरावांनी त्यांना बाजूला घेतलं. "दोन चकत्या कर ना बापा. बाटली कायले पाह्यजे तुले?"

"मंग कारण कसं सांगू?"

"कारण इचारून कोण राह्यलं?"

सरांनी दोन चकत्या केल्या. दोन्ही चमकल्या. साहेबांनी शंभर टक्के दिले, पोहेही पुन्हा मागून घेतले. जूनमध्ये ऑर्डर आली. रुख्मिणीनं शिरा केला आणि गल्लीत वाटला.

जुलैत सरांनी वर्गात चकती चमकवून दाखवली. तिसऱ्या बाकावरची अंजना उभी राहिली.

"सर, पयल्या तपासणीले बाटली होती. थे काहून नव्हती चमकली?"

नोकरीला लागल्यापासून अशाच एका प्रश्नाची वाट पाहिली होती त्यांनी. बाटली मागच्या कपाटात होती, कपाटाची किल्ली खिशात. सरांनी खिसा चाचपला आणि हात तसाच बाहेर काढला.

"बस खाली," ते म्हणाले. "परीक्षेत नाई येत ते."