यानाकातली पाच अंथरुणं

व्यक्ती: ५

टोकियोत पाच जण उतरणार नाहीत, चारच उतरणार आहेत, हे घरात दोघांना माहीत होतं. दोन मुलांना माहीत नव्हतं. आणि पाचवं माणूस जेवणाच्या टेबलाशी बसून सगळ्यांसाठी हॉटेल शोधत होतं.

पाचवं माणूस म्हणजे विनयाताई. सुधाकरची थोरली बहीण, वय अठ्ठेचाळीस, लग्न केलेलं नाही. इंद्रनीलच्या जन्माच्या वेळी, एक्याण्णव साली, सहा महिन्यांसाठी म्हणून न्यूझीलंडला, पामर्स्टन नॉर्थला आल्या आणि सहा वर्षं राहिल्या. सुधाकर इथल्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ, सुलेखा तिथल्याच फार्मसीत. दोघांच्या ड्युट्या, कल्याणीचं नेटबॉल, इंद्रनीलचा खोकला, रोजची पोळीभाजी, सगळं ताईंनी अंगावर घेतलं. आता इंद्रनील शाळेत जायला लागला होता. ताईंचं काम संपलं, असं सुलेखा म्हणाली नाही. ती म्हणाली, "त्यांनाही त्यांचं आयुष्य आहे रे, सुधाकर."

ठरलं होतं ते असं. डिसेंबरात पुणं. चौघांनी जाताना टोकियोत तीन रात्री थांबायचं. ताईंचं तिकीट सिंगापूरमार्गे, दोन आठवडे आधीचं, एकेरी. ते सुधाकरच्या ब्रीफकेसमध्ये होतं, आणि ताईंना सांगायचं काम सुधाकरचं होतं.

आता यात एक अडचण होती. जपानी फक्त ताईंना येत होतं.

पुण्यात शनिवार-रविवारचे वर्ग करून त्या जपानी शिकल्या होत्या. चिंचवडच्या एका कारखान्यात पंधरा वर्षं मशिनांची जपानी पुस्तकं मराठी-इंग्रजीत उतरवून दिली. एकोणऐंशी साली वर्गातल्या मंडळींची जपानला सहल निघाली तेव्हा यांचं नाव यादीत होतं. पण सुधाकरची शेवटच्या वर्षाची परीक्षा आली, आई अंथरुणाला खिळलेली, डबा कोण करणार? ताईंनी नाव काढून घेतलं. त्यामुळे त्या देशातला कुठला बोल्ट किती घट्ट आवळायचा हे त्यांना नेमकं ठाऊक होतं, आणि बाकी काहीही पाहिलेलं नव्हतं.

ट्रॅव्हल एजंटने दाखवलेली हॉटेलं स्टेशनाला खेटून उभी होती. एका खोलीत तिघंच, चौथ्याला दुसरी खोली, तीही वेगळ्या मजल्यावर. इंद्रनील आवाजाने उठायचा आणि एकदा उठला की ओकारी येईपर्यंत खोकायचा. सुलेखाने लायब्ररीतून पुस्तक आणलं. त्यात यानाका नावाचा टोकियोचा एक जुना, शांत भाग होता. तिथे घरगुती हॉटेलं होती. एकच मोठी खोली, जमिनीवर माणशी एक अंथरूण, मुलांचं मनापासून स्वागत. खाली बारीक अक्षरात: जपानीत लिहिल्यास उत्तम.

"ताई, तुम्हीच लिहा ना," सुलेखा म्हणाली.

आणि ताई लाजल्या.

मग आठ दिवस घरात दुसरा विषय नव्हता.

"हे नको गं. जिना बघ केवढा उभा आहे. इंद्रनील घसरून थेट स्वयंपाकघरात पोचेल."

"मग हे?"

"हे कब्रस्तानाला लागून आहे."

"शी! मग तेही नको."

"का नको? शांतता तर पक्की. तक्रार करायला कोण उठतंय तिथे?" ताई स्वतःच्याच विनोदावर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "पण मला हे आवडलं. फाटकाशी कॅमेलियाचं झाड आहे. आंघोळीला लाकडी टब. पाणी मात्र कढत असणार. इंद्रनीलला पहिल्या दिवशी मी माझ्याबरोबर नेईन."

"हो," सुलेखा म्हणाली. अगदी सहज म्हणाली.

ताईंनी वहीतला कागद फाडला नाही. सायकल काढून, वाऱ्याच्या तोंडावर, चौकातल्या डेअरीतून, म्हणजे इथल्या किराणा दुकानातून, कोरे पांढरे कागद आणले. तीन कागद वाया घालवले, चौथ्यावर पत्र उतरवलं. कल्याणी बारा वर्षांची, शाळेत तिला जपानी होतं, पण गाडी आकड्यांवरच अडलेली. ती आत्याच्या खांद्यावरून वाकून म्हणाली, "आय कॅन रीड दॅट! फाइव्ह. फाइव्ह पीपल."

"शाबास गं माझी बाई," ताई म्हणाल्या.

फॅक्स मशीन फार्मसीत होतं. पत्र सुलेखाने पाठवलं.


सुधाकर सांगतो (पहिल्यांदा)

"ताई, जरा बोलायचं होतं."

"बोल ना. आणि हे बघ, सुधा, तिथे पायताणं दारातच काढायची असतात. तुझे ते फाटके मोजे आधी फेकून दे."

"बरं," सुधाकर म्हणाला.


सुधाकर सांगतो (दुसऱ्यांदा)

या वेळी तो बोललाच नाही. गॅरेजमध्ये लॉनमोवर साफ करत बसला.

"दिवसाला सहा माणसं झोपवतोस," सुलेखा त्याच्या पाठीशी उभी राहून म्हणाली, "आणि एका माणसाला जागं करायला घाबरतोस?"


व्यक्ती: ४

कॅमेलियाच्या घराचं उत्तर आलं. खोली आहे, पाच अंथरुणं घालतो. ताईंनी ते तीनदा वाचून दाखवलं.

तेव्हा सुलेखाने दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत स्वतः इंग्रजीत फॅक्स लिहिला. पाच नाही, चार. दोन मोठी माणसं, दोन मुलं. इथे तिचा हात थांबला. पाचवी व्यक्ती का येत नाही? नणंद लिहिलं तर लोकांना प्रश्न पडतात. आजारी लिहिलं तर पुढे चौकशी करत बसतील. तिने लिहिलं: पाचवी व्यक्ती मुलांची आया होती, आता तिची गरज नाही.

लिहून तिला हलकं वाटलं. खोटं असं त्यात फारसं नाही, असंही वाटलं.

चूक झाली ती इथे. सुलेखाला हॉटेलं ठाऊक होती ती न्यूझीलंडची. रस्त्याच्या कडेला मोटेल, दारावर पाटी: जागा आहे किंवा जागा नाही. मालक किल्ली देतो, दुधाची बाटली देतो, पुढे त्याला काही पडलेली नसते. आपण चार म्हणालो की तेही चार म्हणतील आणि विषय मिटेल, अशी तिची समजूत.

उत्तर तीन दिवसांनी आलं. जपानीत, पानभर. तिला त्यातलं ओ का ठो कळेना. युनिव्हर्सिटीत कोणाला दाखवावं तर आपण इंग्रजीत काय कळवलं होतं तेही उघडं पडायचं. आणि खोली मिळाली की गेली, हे तर कळायला हवं. एवढ्या पानात आकडा कुठेतरी एखाद्या कोपऱ्यात असेल. ताईंच्या नजरेतून सुटेल, नाहीतर मागाहून समजूत घालता येईल. कागद पर्समध्ये घालून ती घरी आली.


वाचन

जेवणं चालली होती. सुलेखाने ताटं वाढून झाल्यावर कागद पुढे केला. "ताई, खोली दिलीय का तेवढं सांगा फक्त."

ताईंनी हात धुतले, पुसले, चष्मा लावला. कारखान्यात त्यांची एक शिस्त होती: वाचायला घेतलं की गाळायचं काही नाही. त्या वाचत गेल्या, ओळीमागून ओळ, मराठीत, एका सुरात.

"आपलं पत्र मिळालं. न्यूझीलंडमध्ये आता वसंत असेल, इथे पानं लाल होतायत. पाचाऐवजी चार माणसं येणार असल्याचं आपण कळवलंत, त्याबद्दल आभार."

ताई थांबल्या. पाणी प्यायल्या.

"ताई, राहू दे, मग वाच," सुधाकर म्हणाला.

"मुलांची आया येणार नाही, तिची आता गरज उरली नाही, हेही कळलं. इतकी वर्षं मुलांना सांभाळलेल्या बाईंना मुलांपासून दूर होताना वाईट वाटत असेल. त्यांना आमचा नमस्कार सांगावा." ताईंचा सूर हलला नाही. "चार अंथरुणं घालू. आपलं आधीचं पत्र मी देवघरात ठेवलं आहे. परदेशातून इतकं सुंदर अक्षर आजवर कधी आलं नव्हतं. मी एक्याऐंशी वर्षांची आहे. आपण आलात की आपल्याशी बसून चहा प्यावा, एवढी इच्छा आहे."

ताईंनी चष्मा काढून ठेवला.

"वॉट्स आया?" इंद्रनीलने विचारलं.

"मीठ दे रे जरा," सुधाकर त्याला म्हणाला.


सुधाकर सांगतो (तिसऱ्यांदा)

हे मात्र पाच मिनिटांत उरकलं. ब्रीफकेस उघडली, तिकीट टेबलावर आलं. पाच डिसेंबर, सिंगापूर, मुंबई. "तू पुढे जाऊन घर उघडशील, झाडून घेशील, मग आम्ही आहोतच... आणि मग तूही जरा निवांत राहा ना तिकडे."

"परतीचं?"

"ते बघू गं."

ताईंनी तिकिटावर बोट फिरवलं. "हे टोकियोवरून बदलून मिळतं का? माझी मी जाईन. तुमच्या आधी. तुमच्यात नाही यायचं मला."

सुधाकरने एजंटला फोन लावला. लाजेपोटी का होईना, लावला. पुढच्या शुक्रवारपर्यंत बदलता येईल, असं एजंट म्हणाला. ताईंचा पासपोर्ट आता इथलाच होता, जपानच्या व्हिसाची कटकट नव्हती. राहायची जागा तेवढी नक्की हवी.


व्यक्ती: ४. व्यक्ती: १.

दुसऱ्या दिवशी दुपारी फार्मसीच्या खिडकीशी हेल्मेट घातलेल्या विनयाताई उभ्या राहिल्या. वाऱ्याने गाल लाल झालेले. "उत्तर लिहिलंय. पाठवशील?"

"लगेच," सुलेखा म्हणाली.

लगेच नाही पाठवलं. शाळा सुटल्यावर कल्याणी आली, तेव्हा सुलेखाने कागद तिच्यापुढे धरला. "यातले आकडे वाच बरं."

कल्याणीने च्युइंगम गालात सरकवलं. "फोर पीपल. डिसेंबर नाइन्टीन्थ. दॅट्स अस." बोट खाली गेलं. "अँड हिअर... डिसेंबर फिफ्थ. वन पर्सन. हूज दॅट, मम?"

"कोणी नाही. जा, गाडीत बस."

म्हणजे ताईंनी यांची खोली पक्की केली होती. काही बिघडवलं नव्हतं. फक्त खाली तीन ओळींत स्वतःसाठी एक अंथरूण मागितलं होतं. त्याने सुलेखाचं काय जात होतं? तिने मनाशी तपासून पाहिलं. काही नाही. तीन रात्री तिच्याच राहत होत्या, नवरा तिचाच, मुलं तिचीच.

पण ती म्हातारी. दोन आठवडे आधी ताई तिच्यासमोर चहाला बसणार. देवघरातलं अक्षर कोणाचं, ते तिला कळणार. मग एकोणीस तारखेला सुलेखा दारात पायताणं काढत असताना ती वाकून नमस्कार करणार, आणि तिला माहीत असणार की आया कोण आणि आया म्हणणारी कोण.

शेल्फवर औषधाच्या बाटल्यांना लावायच्या कोऱ्या लेबलांचं भेंडोळं होतं. सुलेखाने तीन लेबलं सोलली. खालच्या तीन ओळींवर एकाखाली एक चिकटवली, कडा अंगठ्याने दाबून बसवल्या. हात सराईत होता, एकही सुरकुती आली नाही. कागद मशीनमध्ये घातला. तिकडे उमटणार होता तो चार माणसांचा मजकूर आणि खाली पांढरी, स्वच्छ जागा.

मूळ कागद तिने कचऱ्यात टाकला, रुग्णांची नावं असलेले कागद ज्यात फाडून टाकतात त्यात.


सोमवार, मंगळवार, बुधवार

"आलं का गं काही?"

"नाही ना, ताई."

"त्यांच्याकडे सुट्टी असेल."

"असेल."

गुरुवारी ताई दोनदा आल्या. दुसऱ्यांदा पाऊस होता. हेल्मेटच्या पट्ट्यातून पाणी गळत होतं. काउंटरवरची कांचन, नाशिकची नवीन मुलगी, म्हणाली, "मॅडम, तुमच्या नणंदबाई किती गोड आहेत हो! थांबा म्हटलं तर थांबल्या नाहीत, ओल्याच गेल्या."

"त्यांना सवय आहे," सुलेखा म्हणाली.

उत्तर बुधवारीच आलं होतं. शुक्रवारी संध्याकाळी, एजंटचं दुकान बंद झाल्यावर, तिने ते घरी आणलं.

ताईंनी चष्मा लावून पानभर वाचलं. लाल पानं, लहान मापाच्या सपाता, मुलाला खोकला असेल तर खोलीत पाण्याची वाफ ठेवू, चार अंथरुणं, आमच्या गल्लीत मांजरं फार. विचारलेल्या एकेका गोष्टीला एकेक उत्तर. शेवटी त्यांनी कागद उलटून मागची बाजू पाहिली. मागे कोरं होतं.

"तुमचं काय म्हणतात?" सुलेखाने विचारलं. विचारायला तर हवंच होतं.

"काही नाही म्हणत," ताई म्हणाल्या. सुलेखाकडे पाहत राहिल्या. मग कागदाची घडी घातली.


व्यक्ती:

पाच डिसेंबरला पामर्स्टन नॉर्थच्या छोट्या विमानतळावर वारा सुटला होता. इंद्रनील आत्याच्या स्वेटरचं टोक सोडेना. सुधाकर सामानाचं वजन पुनःपुन्हा करून घेत होता.

ताईंनी सुलेखाच्या हातात रबर लावलेली चिठ्ठ्यांची गड्डी दिली. दहा चिठ्ठ्या, प्रत्येकीवर वर मराठीत आणि खाली जपानीत. मासे नकोत. पाणी कोमट हवं. डॉक्टर कुठे मिळेल. मुलगा झोपलाय. "दाखवायच्या फक्त. बोलावं लागणार नाही."

"ताई, किती करता हो तुम्ही."

दहावीवर वर मराठीत काही नव्हतं. खाली सात ओळी जपानी, सुंदर अक्षरात.

"ही कसली?"

"त्या आजींना दे. गेल्या गेल्या."

"काय लिहिलंय यात?"

ताईंनी इंद्रनीलची बोटं एकेक करून स्वेटरपासून सोडवली. "आकडा नाही त्यात एकही," त्या म्हणाल्या. "कल्याणीला वाचता यायचं नाही."

कल्याणीने रबरी चपलेच्या टोकाने फरशी खरवडली आणि आईकडे पाहिलं नाही.

ताई वळल्या, फाटकातून गेल्या, काचेपलीकडे विमानाच्या जिन्याला लागल्या. सुलेखाने दहावी चिठ्ठी गड्डीतून काढली. कचऱ्याचा डबा दोन पावलांवर होता. पण ती टाकली आणि ताईंनी टोकियोच्या आजींना आधीच पोस्टाने कळवलं असलं तर? आणि दिली तर?

इंद्रनीलला खोकला आला. रडून रडून आला होता, थांबेना. सुधाकर म्हणाला, "अगं, औषध कुठेय?"

सुलेखा चिठ्ठी हातात घेऊन उभीच होती.