नाव घातलेली बादली

रतिलालच्या घरात पाणी तांब्यातच राहायचं. प्यायचं घागरीत, आंघोळीचं बंबात, देवाचं गडूत. जळगावच्या बाजारात ज्याचं भांड्यांचं दुकान, त्याच्या घरी याचं नवल नव्हे. पण बेबाअक्कांनी त्याचं शास्त्र करून ठेवलं होतं. अक्का म्हणजे रतिलालची थोरली बहीण. ऐन उमेदीत विधवा होऊन भावाकडे आलेली आणि आल्या दिवसापासून किल्ल्यांचा जुडगा कमरेला खोचून बसलेली. त्यांचे नियम दोनच, पण दोन्ही लोखंडी. तांब्यातलं पाणी म्हणजे औषध, हा पहिला. आणि नाव घातलेलं भांडं घराबाहेर जायचं नाही, हा दुसरा. चेपो, गळो, काळं पडो, मोडीत घालायचं नाही. ज्याचं नाव त्यावर ठोकलं, त्याचा मान त्या भांड्यात असतो म्हणे. माळ्यावर अशी मानाची, बुडं गेलेली भांडी इतकी साठली होती की उंदरांनाही वाट काढावी लागे.

प्लास्टिकच्या बादल्या तेव्हा नुकत्याच बाजारात लाल-निळ्या चळतींनी येऊ लागल्या होत्या. रतिलाल दुकानाच्या गादीवरून समोरच्या बादलीवाल्याच्या हातगाडीकडे बघायचा तो भावकीतल्या वैऱ्याकडे बघावं तसा. शहरालगत पिंप्राळ्यातल्या त्याच्या घरात प्लास्टिकचा कंगवासुद्धा अक्कांच्या नजरेआड ठेवावा लागे.

अशा घरात काचेची माशांची पेटी आली ती धुळ्याच्या लीलाधर नानांमुळे. नाना रतिलालचे चुलतभाऊ, धुळ्यातले मोठे भांडेवाले, समाजाच्या पंचांतले. नानांकडे जे असेल ते रतिलालकडे पाहिजे. नानांनी फटफटी घेतली, यानं घेतली. नानांनी दारात झोपाळा टांगला, यानं टांगला. नानांना मधुमेह झाला तेव्हा मात्र हा थांबला. नानांच्या बैठकीत मासे पोहताना दिसले, आणि पुढच्याच फेरीला रतिलाल एसटीत मांडीवर पेटी घेऊन धुळ्याहून घरी.

मासे आले आणि मेले. पुन्हा आणले, पुन्हा मेले. अक्कांनी पेटीला लिंबू-मिरची बांधली. मासे मलूल दिसले की घागरीतलं चांगलं मुरलेलं पाणी त्या स्वतःच्या हातानं पेटीत ओतायच्या. "औषध आहे, उभारी येईल." संध्याकाळपर्यंत मासा आडवा. जेवढी काळजी जास्त, तेवढा मासा लवकर मरायचा, आणि हे गणित त्या घरात कुणालाच सुटेना.

रतिलालचा उत्साह संपला. अक्का म्हणाल्या, "जीवहत्येचं पाप नको. पेटी धुऊन घ्या, तीत पापड ठेवू."

"नाही," असा आवाज आला.

आवाज कुंदाबाईचा होता. रतिलालनं वळून पाहिलं ते आपल्या बायकोचाच आहे ना, याची खात्री करायला. सोनगीरच्या तांबटाची ही लेक. लग्नात साडी सासूनं पसंत केलेली, घराचा रंग अक्कांनी, पोरांची नावं आत्यांनी, आणि नवरा तर बापानं अंधारातच पसंत केला होता. दिवे गेले होते त्या दिवशी सोनगीरचे. या घरात तिनं निवडलेली एकही वस्तू नव्हती. "मासे मी आणते," ती म्हणाली. "माझे मी बघून आणते."

रतिलालला बरोबर घेऊन ती धुळ्याला गेली. तिथे माशांचं दुकान रुपचंदचं. त्यानं गिऱ्हाईक ओळखलं आणि लाल-निळ्या पट्ट्यांचे दोन गोरामी जाळीत धरले. "ही घ्या वहिनी, जोडी. कलकत्त्याकडची जात, बोटाएवढीच राहते, कुणाच्या अध्यातमध्यात नाही."

कुंदाबाईनं पदर खोचला आणि ती काचेपुढे स्टुलावर बसली. लग्नाच्या मुलीला बघायला आलेल्या बायका कशा बघतात ते तिला ठाऊक होतं. तिला तसंच बघितलं होतं. बसवून, चालवून, खायला देऊन. तिनं व्याज वसूल करायला घेतलं.

"आधी यांना खायला टाका."

"वहिनी, सकाळीच दिलंय."

"पुन्हा द्या. बघू तरी, ताटावर येतात की कोपऱ्यात रुसून बसतात."

रुपचंदनं चिमूटभर खाणं टाकलं. एक गोरामी धावला. दुसरा खाली पंख आवळून बसला, पोट खपाटीला गेलेलं. "तो आजारी आहे," ती म्हणाली. "आणि ही जोडी कुठली? दोन्ही नवरदेवच नटलेत. मोराची जोडी लावताना दोन मोर ठेवता का?"

रुपचंद हसला. चोरी पकडल्यावर हसतात तसा. "रंगीत तेवढेच खपतात. माद्या फिक्या, राखाडी. त्यांना कोण विचारतं?"

"मी विचारते. हा खाणारा एक, आणि त्या दोन फिक्या."

मग सोबतीला कोण, यावर घासाघीस झाली. रुपचंद काळ्या पट्ट्यांचे बार्ब दाखवू लागला. समोरच्याच टाकीत एक पट्टेवाला गोरामीच्या पोटाखालचे ते बारीक धागे ओढत होता. त्या धाग्यांनी गोरामी वाटेतलं सगळं चाचपतो, आंधळ्यानं काठी फिरवावी तसा. "असला दीर नको," कुंदाबाई म्हणाली. तिनं गरीब स्वभावाचे गप्पी घेतले आणि तळ झाडणाऱ्या, मिशाळ कोरी घेतल्या.

पिशव्यांना गाठी मारताना तिची नजर दुकानभर फिरत होती. सिमेंटच्या टाक्या, काचेच्या पेट्या, प्लास्टिकच्या बादल्या, प्लास्टिकचे मग. "तुमच्याकडे तांब्या-पितळेचं एक भांडं नाही?"

"तांब्याचं?" रुपचंदनं कपाळावर हात मारला. "वहिनी, तांब्याच्या पाण्यानं मासे मरतात! पाणी प्लास्टिकमध्ये ठेवायचं. नळाचं असलं तर दिवसभर उघडं राहू द्यायचं, औषधाचा वास उडाला की मग घालायचं. आणि वरून झाकण. हा मासा वर येऊन हवा पितो, त्याला वारं बाधतं."

सोनगीरच्या तांबटाची लेक एसटीत पारोळ्यापर्यंत मांडीवरच्या पिशव्यांतल्या पाण्याकडे बघत बसली. बापाच्या भट्टीचा ठोक्यांचा आवाज ऐकत ती वाढली होती. पारोळ्याला बस थांबली तेव्हा ती नवऱ्याला म्हणाली, "मासे नजरेनं नाही मेले. आपल्या घागरीनं मेले."

"हळू बोल," रतिलाल इकडेतिकडे बघत म्हणाला. "बसमध्ये गिऱ्हाईक असतं."

दुसऱ्या दिवशी पिंप्राळ्यातल्या त्या घरात निळी प्लास्टिकची बादली आली. तीही दुकानासमोरच्या हातगाडीवरून, भर दुपारी, बाजाराच्या डोळ्यांदेखत.

अक्कांनी बादलीकडे आणि मग भावजयीकडे बघितलं. "भांडेवाल्याच्या घरात प्लास्टिक? उद्या देवघरात कचकड्याचा गणपती आणशील."

"माशांची आहे, अक्का."

"आणि त्यात कालचं शिळं पाणी?"

"त्यांना शिळंच मानवतं."

"मग त्यांना आणि तुला एकाच पेटीत ठेवायला पाहिजे."

बादली न्हाणीघराच्या कोपऱ्यात राहिली, फडक्याखाली झाकलेली. येणाऱ्याजाणाऱ्याला ती दिसू नये याची अक्का जातीनं काळजी घेत. दोनदा ती मागच्या अंगणात गेली, एकदा तर शेणाच्या पाट्यांखाली सापडली. कुंदाबाई दर वेळी परत आणायची. मासे मात्र जगले. गोरामीचा रंग उघडला. खाणं घेऊन कुंदाबाई आली की तो पुढे येऊन आपल्या धाग्यांनी काच चाचपायचा, आणि तीही कुणी बघत नसलं की बाहेरून बोट फिरवायची. रतिलाल पाहुण्यांना सांगू लागला, "मीच आणले." ती ऐकून घ्यायची. नवऱ्याला एवढं उधार द्यायला तिची हरकत नव्हती.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली. खानदेशात हा सण लेकींचा. सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, झोके बांधतात. यंदा रतिलालच्या बहिणी येणार होत्याच, शिवाय धुळ्याहून लीलाधर नानाही यायचे होते. ऊन असं की नळाला पाणी धड येईना, पेटीतलं पाणीही खाली गेलेलं, कोमट आणि निवांत. नेमकं तेच गोरामीला हवं होतं. त्यानं कोपऱ्यात, तरंगत्या पाल्याखाली, बुडबुड्यांचा फेस जमवला आणि तिथून तो सगळ्यांना हुसकावू लागला. फेसात अंडी दिसली तशी कुंदाबाईनं ती हुसकावलेली मादी काचेच्या बरणीत काढली. आखाजीला तीही माहेरी.

सणाच्या सकाळी अक्का पेटीपुढे उभ्या राहिल्या. "हा फेस काय गं? पाणी सडलं."

"घर आहे ते त्याचं. पोरं आहेत त्यात. बाप सांभाळतो, खाली पडलं की तोंडात धरून पुन्हा वर ठेवतो."

"बाप सांभाळतो!" अक्का रतिलालकडे बघून हसल्या. रतिलालनं पेपर वर धरला. "ते काही नाही. नाना येतील. समाजात काय तोंड दाखवू? पेटी धुऊन घागरीतलं स्वच्छ पाणी भरा. आणि ती निळी अवदसा आत्ताच्या आत्ता भंगारवाल्याला द्या. त्याला दारात उभा केलाय मी."

आणि त्यांनी घागर उचलली.

कुंदाबाई मध्ये आली. तिनं घागरीच्या तोंडावर पंजा ठेवला. घागर तिच्याच लग्नातली, सोनगीरची. काठावर बापानं स्वतः ठोकलेलं नाव अजून हाताला लागत होतं. इतक्या वर्षांत या घरात ती शहरी मराठीच बोलत आली होती. आता मात्र ती गावच्या बोलीत बोलली.

"अक्का, हाई घागर मनी शे. मना मासा मनीच घागरघाई नही मारू देवाव."

माझी घागर, आणि माझ्याच घागरीनं माझा मासा मारू देणार नाही: अक्कांना शब्दन् शब्द पोचला. त्यांच्या हातातली घागर खाली आली. रागानं की वजनानं, ते कळलं नाही. "ठीक आहे. पेटी राहू दे तुझी. बादली नाही राहणार. बिनपाण्याची पेटी किती दिवस टिकते बघू!" आणि त्या न्हाणीघराकडे निघाल्या.

बादली तिथे नव्हती. कुंदाबाई त्यांच्याआधी मागच्या दारानं गेली होती. ती चुलीपुढे बसली होती, चिमट्यात धरलेला लांब खिळा निखाऱ्यात लाल होत होता. बादली मांडीवर पालथी. प्लास्टिकवर ठोके बसत नाहीत, पण तांबटाच्या लेकीला अक्षर उमटवायला अडत नाही. चर्र आवाज झाला, घरभर जळका वास सुटला. झोक्याला दोर बांधणाऱ्या नणंदा धावत आल्या.

"हे काय करतेस?" अक्का दारातून ओरडल्या.

"नाव घालते." तिनं खिळा पुन्हा निखाऱ्यात खुपसला. "नाव घातलेलं भांडं घराबाहेर जात नाही. नियम तुमचाच आहे, अक्का. मी या घरात येऊन तेवढाच एक नीट पाठ केला."

धाकटी नणंद फिस्सकन हसली. अक्कांनी तिच्याकडे पाहिलं, बादलीकडे पाहिलं, माळ्याकडे पाहिलं. माळ्यावरच्या त्या बुडं गेलेल्या भांड्यांत निम्म्यावर त्यांच्या नवऱ्याचं नाव होतं. नियम मोडायचा तर तिथून सुरुवात करावी लागणार होती. भंगारवाला दारातून रिकामा गेला.

नाना आले तेव्हा बादली न्हाणीघरात नव्हती, फडक्याखालीही नव्हती. बैठकीत, पेटीच्या शेजारी, पाटावर मांडलेली होती. काठोकाठ शिळं पाणी. नानांनी टोपी काढता काढता ती पाहिली.

"काय रे रतिलाल, हाई काय शे? तुन्या घरमा प्लास्टिक?"

रतिलालनं घसा खाकरला. पेटीत गोरामी फेसाखाली उभा होता. एक गप्पी जवळ आला, तसा त्याला हाकलून परत जागेवर. रतिलालनं ते बघितलं. "माशांचं पाणी आहे, नाना," तो म्हणाला. मग जरा मोठ्यानं, "तांब्यानं मरतात ते." भांड्याच्या व्यापाऱ्यानं भांड्याच्या व्यापाऱ्याला आजवर दिलेली ही सगळ्यात महागडी कबुली असावी.

नानांना आपल्याही घरी मेलेले मासे आठवले असावेत. ते वाकले आणि बादलीच्या काठावरची वेडीवाकडी अक्षरं वाचू लागले. "कुंदा..." त्यांनी बादली फिरवून मागूनही पाहिली. रीत अशी की आधी बाईचं, मग नवऱ्याचं, मग घराण्याचं. "पुढे काय गं? नवऱ्याचं नाव?"

कुंदाबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली होती. पाहुण्याला पाणी तांब्यातलंच, त्यात तिनं कसूर केली नव्हती.

"जागा संपली, नाना," ती म्हणाली.

नानांनी त्या भल्यामोठ्या निळ्या बादलीभोवती पुन्हा एकदा नजर फिरवली आणि तांब्या तोंडाला लावला.