पेटी म्हणजे मीच ना?

मित्रांनो, मी एक जुनी पेटी आहे आणि खरं सांगते, मी भित्री आहे. तुम्ही मला हार्मोनियम म्हणत असाल. पण ज्या हातांनी मला जन्मभर वाजवलं त्यांनी मला पेटीच म्हटलं, म्हणून मीही स्वतःला पेटीच म्हणते. या नावापायी एकदा माझ्या जिवावर बेतलं होतं. तीच गोष्ट तुम्हाला सांगायची आहे.

माझा जन्म नागपूरचा. कारागिरानं सागवानाच्या फळ्या तासून माझं अंग बनवलं, पितळेचे सूर घासून जुळवले आणि मागे भाता बसवला. भात्यात पहिल्यांदा हवा शिरली तेव्हा मी दचकून किंचाळले. कारागीर हसला. म्हणाला, "भेकड हाय, पन गळा गोड हाय बापा."

मला घेतलं तुळशीरामनं. रायपूरला गुढियारीच्या मालधक्क्यावर ते रेल्वेचे हमाल होते. दिवसभर खांद्यावर ओझी वाहायची आणि संध्याकाळी मला पुढ्यात घेऊन बसायचं, असा त्यांचा नेम होता. त्यांच्या बोटांना घट्टे पडले होते, पण माझ्या पट्ट्यांवर ती बोटं पिसासारखी फिरत. त्यांच्या पत्नी शांताबाईंनी मला निळ्या कापडाची खोळ शिवली. भीमजयंतीला वस्तीत मंडप पडला की आधी माझ्या गळ्यात झेंडूचा हार पडे आणि मग गाणं सुरू होई. लोक म्हणत, "तुळशीरामची पेटी बोलते." तेव्हा माझी भीती कुठल्या कुठे पळून जाई.

पुढे छत्तीसगडचं वेगळं राज्य झालं आणि रायपूर राजधानी झालं. रस्ते रुंद झाले. कार्यक्रमांत विजेवरची वाद्यं आली, उंच उंच स्पीकर आले. शांताबाई वारल्या. तुळशीरामच्या छातीत दम भरू लागला आणि इकडे माझा भाताही गळू लागला. मी दिवाणाखाली गेले. तिथं अंधार होता आणि एक उंदीर होता. तो माझ्या भात्याशी खुडबुड करायचा तेव्हा मला ओरडावंसं वाटे, पण वाजवणारा नसेल तर पेटीला ओरडता येत नाही. तिथंच माझी पंचमाची पट्टी दमट हवेनं फुगून खाली अडकली. भात्यात थोडी जरी हवा राहिली तरी तो सूर आपोआप बारीक रडत राही.

मला बाहेर काढलं ते पायलनं. तुळशीरामची नात. ती आणि तिचा आतेभाऊ प्रफुल्ल यांनी एक रॉक बँड काढला होता. सिलतऱ्याच्या कारखान्यांचा धूर अंगावर घेत वाढलेली ही मुलं, म्हणून बँडचं नाव ठेवलं 'धुआँपारा', म्हणजे धुराची वस्ती. पायल गात असे, प्रफुल्ल गिटार वाजवत असे आणि डोमन साहू ड्रम बडवत असे. त्यांचा नवा अल्बम निघाला होता. तो लोकांपर्यंत पोचवायला गावोगाव कार्यक्रम करायचे ठरले होते. एका संथ गाण्यात पायलला माझा सूर हवा होता.

तुळशीरामनं मला तिच्या हाती दिलं. "पेटीले उन्हात ठेवू नोको वं माय. अन् भाता उघडा नोको सोडू."

"टेंशन मत लो आबाजी," पायल म्हणाली. तिला मराठी सगळं समजे, पण उत्तर हिंदीतून येई.

सामान वाहायला मारोतीकाकांचा टेम्पो होता. ते मूळचे भंडाऱ्याकडचे, पण आता तुळशीरामच्या वस्तीतलेच. जयंतीच्या मंडपात कित्येकदा त्यांनीच मला उचलून नेलं होतं. तेवढाच एक ओळखीचा हात माझ्याबरोबर होता.

मित्रांनो, रॉक बँड काय असतो ते राजनांदगावला मला कळलं. डोमननं पहिला ठोका दिला आणि माझे सगळे सूर आतल्या आत थरथरले. गिटार अशी किंचाळली की मला वाटलं, तिला कुणी मारतंय. दिवे डोळे मारत होते, धूर सुटत होता, पोरं उड्या मारत होती. माझं गाणं आलं तेव्हा पायलनं मला माइकपुढे घेतलं. मी भीत भीत दोन ओळी वाजले. लोक गप्प झाले. मला बरं वाटलं. पण त्या बँडमध्ये कुणी मला पेटी म्हणत नसे. प्रफुल्ल म्हणे 'बाजा', डोमन म्हणे 'कीबोर्ड की दादी'. माझं नाव मी विसरत चालले होते.

बिलासपूरहून रायपूरला परतताना भर दुपारी टेम्पो एका ढाब्यापाशी उभा होता. मारोतीकाका जेवायला गेले होते. मुलं मागे सामानात बसून शेवटच्या कार्यक्रमाची चर्चा करत होती. तो कार्यक्रम आमच्याच रायपुरात व्हायचा होता.

"आखिरी गाने में," प्रफुल्ल म्हणाला, "पेटी तोड़ देंगे. घन से. एक ही वार में."

इतक्या दिवसांनी मी माझं नाव ऐकलं आणि त्याच्या पुढचा शब्द हा होता.

"पुरानी है ना?" डोमननं विचारलं.

"एकदम सड़ी हुई. किसी काम की नहीं."

मी पायलकडे आशेनं पाहिलं. ती नाही म्हणेल असं वाटलं. ती हसून म्हणाली, "आबाजी सामने बैठेंगे. देखना, सबसे ज्यादा खुश वही होंगे."

तेव्हापासून माझ्या जिवात जीव राहिला नाही. पायलनं मला पुसलं की वाटे, मारायच्या आधी माझी आंघोळ चालली आहे. सरावात माझा सूर फाटू लागला. ती म्हणे, "आज ये रो क्यों रही है?" कार्यक्रमाच्या संध्याकाळी तुळशीराम काठी टेकत मंचामागे आले तेव्हा वाटलं, आता तरी सुटका होईल.

त्यांनी मला खोळीवरून थोपटलं. "पेटी बरी हाय ना?"

"पेटी एकदम तैयार है आबाजी," पायल म्हणाली, "आखिरी गाने में देखना आप."

तुळशीराम खुशीनं हसले आणि काठी टेकत पुढच्या खुर्चीत जाऊन बसले. मित्रांनो, उंदराची भीती वेगळी आणि ही भीती वेगळी. ज्याच्यासाठी आपण जन्मभर वाजलो तोही आपल्या मरणाला हसतो, असं मला त्या वेळी वाटलं.

माझं संथ गाणं झालं. माझे सूर कापत होते, पण लोकांना ते आवडले. मग प्रफुल्लनं घाईघाईनं मारोतीकाकांना सांगितलं, "काका, अब पेटी बीच में रखो. ऊपर काला कपड़ा. माइक एकदम पास में."

मारोतीकाकांनी मान हलवली आणि मला उचललं. त्यांचा हातही मला वाचवणार नव्हता. त्यांनी घाईत भात्याची कडी लावली नाही. पण काळं कापड टाकण्याआधी खिशातून एक झेंडूचा हार काढला आणि माझ्यावर ठेवला. मला काहीच समजेना.

शेवटचं गाणं सुरू झालं. ते मालधक्क्यावरच्या हमालांचं गाणं होतं. पायल गात होती की माझ्या आबाजीच्या पाठीवर अख्ख्या शहराचा बोजा होता, तो आज उतरू दे. ड्रम जोरजोरात धडधडले. मंचावर धूर पसरला. धुरातून प्रफुल्ल दोन्ही हातांत घण घेऊन माझ्यापुढे आला. ठरल्याप्रमाणे सगळी वाद्यं एकदम थांबली. मैदानात टाचणी पडली तर ऐकू यावी अशी शांतता झाली. घण वर गेला.

भीतीनं माझा श्वास सुटला. भाता उघडाच होता. त्यातली हवा हळूहळू बाहेर पडू लागली आणि अडकलेला पंचम वाजला. बारीक, रडका, लांबलचक. माइक शेजारीच होता. साऱ्या मैदानानं तो ऐकला.

पायल गर्रकन वळली.

"थांब! आबाजीची पेटी होय ते!"

ती मराठीत ओरडली होती. प्रफुल्लनं घण वळवला, पण तो खाली येतच होता. माझ्या कोपऱ्याची एक ढलपी उडाली आणि घण मंचाच्या फळीत रुतला. पायलनं काळं कापड ओढलं. आत मी होते, गळ्यात हार घालून.

"काका! ये क्या रख दिया?" प्रफुल्लचा चेहरा पांढराफटक पडला होता.

मारोतीकाका गोंधळून पुढे आले. "काहून? तूच तं म्हनला ना बे, पेटी आन म्हून. मले वाटलं, पेटीचा सत्कार करून राहिले पोट्टे. म्हून हार बी आनला."

"अरे, आम की पेटी! आम की! वो पीछे रखी है!"

"ते खोकं होय ना! आंब्याच्या खोक्याले कोन पेटी म्हन्ते?"

"सब कहते हैं, भैया!" समोरून कुणीतरी ओरडलं आणि सगळं मैदान हसलं.

तेव्हा मला कळलं. फळांच्या लाकडी खोक्यालाही लोक पेटीच म्हणतात. मालधक्क्यावर तुळशीरामनं वाहिलेलं ओझं तेच. पोरं ओझं फोडणार होती. त्यांची पेटी आंब्यांची होती आणि आमची सुरांची, एवढाच काय तो घोटाळा.

हसला नाही तो एकटा प्रफुल्ल. तो माझ्या कोपऱ्यावर हात ठेवून खाली बसला होता. तुळशीराम मंचावर चढले. मला वाटलं, ते रागावतील. त्यांनी कुणाकडे पाहिलंच नाही. तुटलेल्या कोपऱ्यावरून बोट फिरवत मला विचारलं, "लागलं का वं तुले?"

पायल त्यांच्या शेजारी मांडी घालून बसली. त्यांच्या छातीत दम नव्हता, म्हणून भाता तिनं हलवला आणि पट्ट्यांवर त्यांची बोटं फिरली. घट्टे तसेच होते. ओझं उतरल्याचं गाणं पुन्हा सुरू झालं, या वेळी माझ्या सुरावर. मागे राहिलेलं खोकं मारोतीकाका घरी घेऊन गेले. आता त्यात त्यांची कोंबडी अंडी उबवते.

माझा भाता आता नवा झाला आहे. कोपरा मात्र प्रफुल्लनं तसाच ठेवायला सांगितला. म्हणाला, "मुझे रोज दिखना चाहिए." अडकलेली पट्टी दुरुस्त होत होती, ती तुळशीरामनं होऊ दिली नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातही दिवाणाखाली, माळ्यावर कुणीतरी माझ्यासारखं गप्प पडलेलं असेल. त्याला बाहेर काढा, धूळ पुसा. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा की याला तुम्ही काय म्हणत होता. नाव माहीत नसलं की हातून काय फुटेल याचा नेम नसतो.

मी अजूनही भित्रीच आहे. उन्हाळ्यात गुढियारीत फळांचे ट्रक येतात. रस्त्यावर कुणी ओरडतं, "पेटी उतारो! पेटी पटको!" आणि माझा नवा भाता थरथरतो, पंचम हळूच रडू लागतो. मग पायल हातातलं काम टाकून येते, कडी लावते, माझ्या झाकणावर तळवा ठेवते आणि म्हणते,

"तुले नाही वं. खोक्याले म्हणून राहिला तो."