रेडिओच्या गळ्यातली गाठ

स्वतःचा निर्णय स्वतः घेता येणं हीच माणसाच्या मोठेपणाची खूण आहे, असं विचारवंत पूर्वीपासून सांगत आले आहेत. त्यांच्यापैकी कुणाला डॉक्टरांनी समोर बसवून "मग काका, काय करायचं आपण?" असं विचारलेलं नसावं.

रेडिओला विचारलं, तेव्हा तो बायकोकडं बघू लागला. रेडिओ हे त्याचं गिऱ्हाइकांनी ठेवलेलं नाव. धंदा सलूनचा. शटर वर केल्यापासून ते खाली ओढेपर्यंत त्याचं तोंड चालू असे. हवामान, राजकारण, कुणाच्या मुलीचं कुठं जमलं आणि कुठं मोडलं. कात्री थांबे, रेडिओ थांबत नसे. आता बायकोनं कोपरानं ढोसलं तरी आवाज फुटेना.

"म्हणजे कसं, मॅडम?"

डॉक्टर तरुण होत्या आणि घाईत नव्हत्या. त्याला याचीच जास्त धास्ती वाटली. थायरॉइडमध्ये गाठ होती. कॅन्सरचीच, पण बारीक आणि आळशी जातीची. आत्ता काहीच न करता अधूनमधून सोनोग्राफी करायची, लक्ष ठेवायचं, वाढली तर काढायची, हा एक रस्ता. नाहीतर अर्धी ग्रंथी काढून मोकळं व्हायचं. पण आवाजाची नस तिथूनच जाते. तिला धक्का लागला तर आवाज बसतो, क्वचित कायमचा.

"दोन्ही रस्ते बरोबर आहेत," डॉक्टर म्हणाल्या. "म्हणून तुमचं मत हवंय."

"दोन्ही बरोबर असतील तर मी चुकणार कुठं?"

"चुकणार नाहीच."

यानं तो आणखीच घाबरला. डॉक्टरांनी एक चित्र पुढं केलं. शंभर छोटी माणसं ओळीनं उभी, त्यातली थोडी लाल. लाल म्हणजे आवाज बसलेली. रेडिओनं ती नीट पाहिली. सगळीच्या सगळी टकली होती.

"यातला मी कुठला?"

"तेच सांगता येत नाही, काका."

"माझ्या जागी तुम्ही काय केलं असतं?"

"मी तुमच्या जागी नाही ना. घरी बोला, पुढच्या आठवड्यात या. मिळून ठरवू."

बाहेर आल्यावर बायको म्हणाली, "भली बाई आहे."

"भली कसली? आधीचे डॉक्टर बरे होते. खेकसायचे, पण ठरवायचे तरी."

दुकानात चारी भिंतींना आरसे होते. नजर कुठंही वळवली की त्याला स्वतःचा गळा दिसे, पुढून, मागून, बाजूनं. थुंकी गिळली की आत काहीतरी वर सरकून खाली येई. मग ते खरंच सरकलं का, हे पाहायला तो पुन्हा गिळे. दाढी करताना कातडी ताणायला अंगठा गिऱ्हाइकाच्या मानेवर जाई आणि तिथंच चाचपत राही. दोघातिघांनी विचारलं, "काय लागलं का हाताला?"

निवृत्त हेडमास्तर आले. कित्येक वर्षं ते "नेहमीचं" एवढंच बोलून डोळे मिटत. त्या दिवशी रेडिओनं विचारलं, "सर, कसे कापू?"

हेडमास्तरांनी डोळे उघडले. "म्हणजे?"

"बारीक करता येतील, नाहीतर राखता येतील. दोन्ही बरोबर आहे. तुमचं मत काय?"

"मला काय विचारतोस? डोक्याला काही झालंय का माझ्या? दिसतंय का काही?"

"तसं नाही, सर. आपण मिळून ठरवू."

हेडमास्तर गळ्यातल्या टॉवेलनिशी उठले. "उद्या येतो," म्हणाले. दुसऱ्या दिवशी ते दिसले, केस कापून समोरच्या सलूनमधून बाहेर पडताना.

स्वतःची दाढी करणं त्यानं सोडलं होतं. वस्तरा गळ्याजवळ नेला की तो पुन्हा खाली ठेवी. शेवटी बायकोनं त्याला घरी स्टुलावर बसवलं.

"अहो, भुतासारखे दिसताय. मी करते."

"तू?"

"हलू नका."

"मी कुठं हलतोय? तूच हलतेयस."

"मी घाबरलेय म्हणून हलतेय. तुम्ही गप्प बसा."

तो गप्प बसला. कुठं कापलं नाही. पण साबण पुसताना तिचा हात गाठीवर थांबला. मग दोघांनीही आरशात बघायचं टाळलं.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी विचारलं, "सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते, काका?"

रेडिओनं टेबलाच्या कडेवरून बोट फिरवलं. "लोक माझ्यापुढं मान मागं टाकतात आणि डोळे मिटतात. मला वाटायचं, विश्वास आहे. आता कळलं, वस्तरा बघवत नसतो त्यांना."

"म्हणजे ऑपरेशनची?"

"ती आहेच. हात घसरतो, मॅडम, माझाही घसरलाय. आवाजाचीही आहे. निम्मी माणसं माझ्याकडं गप्पांसाठीच येतात. पण तुम्ही म्हणालात, लक्ष ठेवू. मी आरशांमध्ये उभा असतो. दिवसभर लक्षच ठेवतोय. दुसरं काही होतच नाही माझ्याकडून."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "खरं सांगू? आरशांचा विचार मी केलाच नव्हता. माझा कल थांबण्याकडं होता."

"मग थांबू या," रेडिओ घाईनं म्हणाला.

"नाही. तुम्हाला थांबणं जमणार नाही. काढू या. पटतंय?"

त्यानं बायकोकडं पाहिलं. "आवाज गेला तर?"

"तुमचं मला सगळं सांगून झालंय," ती म्हणाली आणि पर्सची चेन उगाच उघडून पुन्हा लावली.

"पटतंय," रेडिओ म्हणाला.

ऑपरेशनच्या सकाळी डॉक्टरांनी त्याच्या मानेवरच्या सुरकुतीत पेनानं रेघ ओढली, व्रण लपावा म्हणून. "मान मागं टाका, काका." वर पांढरा दिवा होता. भूल चढेपर्यंत त्यानं डोळे उघडे ठेवले.

गाठ पूर्ण निघाली. आवाज बसला.

तपासणीला गेला तेव्हा डॉक्टरांचाच चेहरा उतरलेला होता. "आवाज सुटेल कदाचित. व्यायाम सांगते. मला वाईट वाटतंय, काका."

"मिळून ठरवलं होतं," तो फुसफुसला. त्यांना ऐकू येईना, म्हणून बायकोनं ते मोठ्यानं सांगितलं.

दुकान उघडलं. हवामान, राजकारण, जमलेली आणि मोडलेली लग्नं घशातच राहू लागली. नुसती कात्री ऐकू येई. आज कुणीतरी आवाजाचं विचारेल, असं त्याला रोज सकाळी वाटे. काय उत्तर द्यायचं तेही त्यानं मनात जुळवून ठेवलं होतं, थोडक्यात. गिऱ्हाइकं खुर्चीत बसल्या बसल्या पेंगू लागली.

महिन्याभरात दुकानात गर्दी वाढली.