खोटा प्रतिस्पर्धी

डुलूथ शहरातल्या एका चर्चच्या तळघरात दोन उंच मेजं समोरासमोर मांडली होती. एकामागे एमेट हाल्वर्सन, गव्हर्नरपदाचा उमेदवार. दुसऱ्यामागे टॅड. एरवी तो एमेटची भाषणं लिहायचा, पण वादसभा जवळ आली तसं त्याला दुसरंच काम लागलं होतं. विरोधक ब्रँड्ट जसा बोलेल तसं बोलायचं, जसा डिवचेल तसं डिवचायचं. सरावात जितकं झोंबेल तितकं बरं.

टॅडला ते छान जमायचं. एमेटला कुठे दुखतं हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? दोन हिवाळे तो त्या माणसाच्या कुशीत निजला होता, सरोवराकाठच्या लाकडी घरात, बाहेर गोठतं पाणी कण्हत असताना. "निवडून आलो की तुझं नाव घेईन," एमेट म्हणाला होता, "सगळ्यांदेखत." उन्हाच्या एका कवडशावर रोप तगावं तसा टॅड त्या वाक्यावर तगला होता.

"ऐका," प्रचारप्रमुख नोरीननं सुपाची वाटी बाजूला सारली. "ब्रँड्टच्या हाती फोटो लागलाय. एमेटच्या घरामागचा होड्या बांधायचा धक्का, पहाटेची वेळ, एमेट कॉफी पितोय आणि शेजारी कुणीतरी उघडाबंब बाप्या. पाठमोरा आहे, आपलं नशीब. एमेट म्हणतो, धक्का दुरुस्त करायला आला होता. झालं तर मग. हेच सांगायचं, न अडखळता. टॅड, विचार त्याला."

टॅडनं मेजाच्या कडा धरल्या. ब्रँड्टचा तो गोड, तेलकट आवाज काढला. "हाल्वर्सनसाहेब, तुमच्या धक्क्यावरचा तो माणूस कोण?"

"तो... तो कामाला आला होता."

"कोंबडी चोरल्यासारखं तोंड करतोयस," नोरीन म्हणाली. "पुन्हा."

टॅडनं पुन्हा विचारलं. मग पुन्हा. दर खेपेला एमेटचा आवाज सरळ होत गेला, रंधा मारलेल्या फळीसारखा. शेवटी तर त्यानं पदरची भर घातली. "तो होय? फळ्या बसवायला आला होता. काम इतकं भिकार केलं, की दुसऱ्या दिवशी हाकलून दिला."

सगळे हसले. वेस्ली नावाच्या मदतनिसानं तर मांडीवर थाप मारली. "बसलं बघ उत्तर," नोरीन म्हणाली. "टॅड, आता मोडून दाखव. ब्रँड्ट एवढ्यावर सोडणार नाही."

एमेट अजून हसत होता. ते हसू टॅडच्या काळजातून दाभणासारखं आरपार गेलं.

"मग साहेब," तो सावकाश म्हणाला, "मार्चमध्ये बर्फ फुटून तो माणूस पाण्यात गेला, तेव्हा त्याला छातीशी धरून दवाखान्यात कोण घेऊन गेलं होतं? हा माझा नवरा आहे, मला आत सोडा, असं नर्सपाशी कोण रडत होतं?"

एमेटच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

"ब्रँड्टला हे माहीत आहे?" नोरीननं विचारलं.

"नाही," टॅड म्हणाला.

"मग तुला कुठून कळलं?"

टॅडनं फक्त एमेटकडे पाहिलं. घे ना माझं नाव. पाच-सहाच माणसं आहेत इथं. एवढ्यांच्या देखत तरी घे.

नोरीन वळली. "एमेट, आता सराव नाही. मी विचारतेय. तो माणूस टॅड आहे का?"

एमेटनं पाण्याचा घोट घेतला. ना अडखळला, ना हसला. तीन आठवडे टॅड त्याला हेच शिकवत होता.

"टॅड माझी भाषणं लिहितो," तो म्हणाला. "माणसं रचायची त्याला सवय आहे. ही दवाखान्याची गोष्ट त्यानं कशासाठी रचली, ते त्यालाच विचार. मला तर भीती वाटते, ब्रँड्टनं त्याला किती पैसे दिले असतील."

नोरीन इतकी वर्षं याच धंद्यात होती. खरं काय ते तिला कळलं, आणि त्याचा तिला काही उपयोग नव्हता. तिनं टॅडपुढे हात पसरला.

"पास दे. फोनही दे. आणि बाहेर एक शब्द काढलास, तर ब्रँड्टनं विकत घेतलेला माणूस म्हणून तुझंच नाव छापून आणीन. वेस्ली, तू उभा राहा तिकडे. ब्रँड्ट हो."

टॅड जिन्याशी पोचेपर्यंत वेस्लीनं प्रश्न विचारलासुद्धा. पाठीमागून एमेटचं उत्तर आलं, स्वच्छ, मोकळं, आणि त्यापाठोपाठ सगळ्यांचं हसू.