हवेतला आकडा

औषधाचं ते खोकं सीलबंद पिशवीतून माझ्या टेबलावर आलं, तेव्हा बाबांना जाऊन साडेतीन महिने झाले होते. त्यांचा कोट अजून प्रयोगशाळेच्या खोलीतल्या खुंटीवर होता. तो काढायला मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मीही काढला नव्हता.

खोलीला खिडकी नाही. आमचं लेबल उजेडाने बदलतं, त्यामुळे दिवसाचा उजेड आत येऊन चालत नाही. एक पिवळा दिवा, तोही मंद. दार लावलं की बाहेर दुपार आहे की संध्याकाळ, कळत नाही. इथे बाबांनी बावीस वर्षं काढली. त्यातली शेवटची सहा मी शेजारच्या स्टुलावर होते.

लेबल म्हणजे कांद्याच्या पापुद्र्यासारखी प्लास्टिकची फिल्म. तिच्यावर जांभळ्या किरणांचा छोटा दिवा धरला की ती निळी होते. काढला की मिनिटभरात पुन्हा पारदर्शक. निळी झाली तर औषध खरं, नाही झाली तर नकली. फिल्म बाबांनी बनवली होती.

या खोक्यावरची निळी होत नव्हती. औषध खात्याच्या तपासनीसाला एका दुकानात अशी बारा खोकी सापडली होती. दुकानाला कुलूप लागलं होतं. परवाना राहतो की जातो, ते माझ्या अहवालावर ठरणार होतं.

दुकानदार रोज दहा वाजता येऊन आमच्या फाटकाजवळच्या बाकावर बसत. त्या दिवशी मी डबा घेऊन आत जात होते. पहारेकरी त्यांची फिरकी घेत होता.

"काय बॅटरीवाले, आजही हजर?"

"काय करू बाबा? घरी बसलो की बायको विचारते इथे काय करताय, इथे बसलो की तू विचारतोस."

"पण बॅटरीवाले नाव कसं हो पडलं?"

"गल्लीतल्या पोरांनी पाडलं. रोज सकाळी शटर वर केलं की आधी सगळ्या खोक्यांवरून दिवा फिरवतो मी. एक दिवस चुकवला नाही. आणि नकली माल निघाला कोणाकडे? माझ्याकडे! चोर सोडून संन्याशाला सुळी, दुसरं काय."

मी थांबले. "काका, हे औषध किती दिवस होतं तुमच्याकडे?"

"तीन महिने झाले असतील. महाग आहे, उठत नाही लवकर."

"आणि रोज दिवा?"

"मग! दिवा तुमच्याच कंपनीचा आहे की, मॅडम."

आत जाऊन मी लेबल सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. फिल्म ओतताना तिच्यात बारीक ठिपके पडतात, प्रत्येक रोलचे वेगळे, बोटांच्या ठशांसारखे. त्यांचे फोटो आम्ही जपून ठेवतो. ठिपके जुळले. लेबल आमचंच होतं. फक्त ते थकलं होतं.

घरी गेल्यावर बाबांच्या कपाटातली वही काढली. फिल्म विकत घेणाऱ्या औषध कंपन्यांना दिलेल्या अहवालात त्यांनी लिहिलं होतं, फिल्म पाचशे वेळा रंग बदलते. वहीत तोच आकडा होता, पुढे 'नायट्रोजनच्या बंद पेटीत' असं. खालच्या ओळीत, 'उघड्या हवेत : साठ.' खाली दोन रेघा. खाडाखोड नाही. त्यांनी तो आकडा लपवला नव्हता. फक्त दुसरीकडे कुठे लिहिला नव्हता.

आई दारात उभी होती. तिला सगळं सांगितलं.

"वही आत ठेव," ती म्हणाली. "गेलेल्या माणसाला जबाब देता येत नाही गं. ह्यांना चुकीचं म्हणतील आणि हे काही बोलू शकणार नाहीत."

"आणि त्या काकांचं दुकान?"

ती आत येऊन उशीचा अभ्रा सारखा करू लागली. "मुलं आहेत का त्यांना?"

"विचारलं नाही."

"विचारूही नकोस. विचारलंस की अडकलीस."

मी आधीच अडकले होते, हे तिलाही दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. मी फ्रॉकमध्ये होते तेव्हापासून ते मला ओळखतात.

"बाळ, फॉर्मवर तीन चौकोन आहेत. खरे, बनावट, सांगता येत नाही. तू तिसऱ्यावर खूण कर. खोटं काहीच लिहायचं नाहीये."

"तिसरा म्हणजे तपासनीसाच्या लेखी बनावटच, साहेब."

"ते त्याचं तो बघेल. झाकली मूठ आहे, झाकलेलीच राहू दे." त्यांनी आवाज खाली आणला. "तुझ्या खोलीला बाबांचं नाव देतोय आपण. पाटी करायला टाकलीय."

बाबांच्या नावाखालून रोज आत जायचं, दार लावून घ्यायचं. मी "बरं" म्हणाले आणि खोलीत आले.

पहिल्या चौकोनावर खूण केली. शेऱ्यात लिहिलं : लेबल अस्सल. उघड्या हवेत साठ वेळांनंतर रंग बदलत नाही. आधार : फिल्म बनवणाऱ्याची वही, पान एकेचाळीस. खाली सही केली. आडनाव बाबांचंच. साहेबांकडे न्यायच्या आधीच अहवाल तपासनीसाला धाडला. नंतर धाडला नसता, एवढं मी स्वतःला ओळखते.

फाटकाशी जाऊन काकांना सांगितलं. त्यांनी दोनदा विचारून घेतलं.

"म्हणजे मी रोज बघितलं नसतं तर?"

"तर फिल्म निळी झाली असती."

"कामचुकार असतो तर वाचलो असतो म्हणा की!" ते हसले, आणि मग हसू गेलं. "हे कोणालाच माहीत नव्हतं?"

"माझ्या वडिलांना होतं. फिल्म त्यांचीच."

बोलल्यावर मोकळं वाटेल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही.

"आहेत ते?"

"नाहीत."

ते बाकावर थोडे सरकले आणि माझ्यासाठी जागा केली. मी बसले नाही. बसले असते तर उठता आलं नसतं. आत अजून अकरा खोकी होती, आणि प्रत्येकाच्या अहवालात तोच आकडा लिहायचा होता.