निम्मं लिमिट माझं

लंडनमधल्या एजवेअरला पुरुषोत्तमभाऊजींकडे जेवायला जायचं म्हटलं की कस्तुरीला आधी खुर्चीची काळजी लागायची. लहानपणी गालगुंड झाले, तेव्हापासून तिचा डावा कान गेलेला. त्या बाजूला बसून कुणी काही बोललं तर तिला पत्ताच नसायचा.

दोन वर्षांपूर्वी ती आणि शार्दूल न्यू जर्सीहून बेसिंगस्टोकला आले. शार्दूलची कंपनी अमेरिकन, दोघांचं ग्रीन कार्ड, त्यामुळे राहायला इंग्लंडात असले तरी टॅक्स रिटर्न अमेरिकेलाही भरावं लागे. हेल्थ इन्शुरन्सही अजून तिकडचाच, आणि त्याच्या जोडीला हेल्थ सेव्हिंग्ज अकाउंट. औषधोपचारासाठी त्यात पैसे टाकायचे, त्यावर टॅक्स नाही. पण वर्षाला नवराबायकोला मिळून एक लिमिट. हे सगळं शार्दूलचे थोरले भाऊ, म्हणजे पुरुषोत्तमभाऊजीच, बघत. ते टॅक्सवालेच होते.

या वर्षी मात्र कस्तुरीने जॉइंट रिटर्नला नकार दिला होता. शार्दूलने मित्राबरोबर धंदा सुरू केला होता आणि त्याचे आकडे काही तिला दाखवत नव्हता. न बघितलेल्या आकड्यांखाली सही करायची नाही, असं तिने सांगून टाकलं. म्हणून वेगवेगळी रिटर्न्स.

मार्चमधल्या त्या रविवारी भाऊजी नेमके तिच्या डावीकडे बसले होते. तिच्या पाठीमागून वाकून ते शार्दूलशी काहीतरी बोलले आणि एक कागद तिच्या ताटाशेजारी सरकला. कस्तुरीने खुर्ची उचलली, टेबलाला वळसा घातला आणि त्यांच्या समोर येऊन बसली.

"आता बोला, भाऊजी. काय ठरवलंत माझं?"

"विशेष काही नाही गं. शार्दूलने अख्खं लिमिट त्याच्याच अकाउंटमध्ये भरलंय. नवराबायकोत ते निम्मं-निम्मं धरतात, पण दोघांनी मिळून वेगळी वाटणी ठरवली तरी चालतं. सगळं त्याला, तुला काही नाही. तेवढी सही कर."

"नाही केली तर?"

"तर निम्मं तुझं. पण न करायला काय झालं?"

"पैसे एकाच घरात राहणार ना?" शार्दूल म्हणाला. "लागले की माग."

"मागितले होते. दिवाळीत. बहिऱ्या बाजूचा आवाज चांगल्या कानापर्यंत नेणारं मशीन घ्यायचं होतं. तू म्हणालास, एका कानाने चाललंय ना तुझं!"

शार्दूल ताटातली कोशिंबीर चिवडत राहिला.

"ते अकाउंट जॉइंट नसतं, शार्दूल. एकाच्याच नावावर असतं. माझ्या कानासाठी मला तुझी परवानगी मागायची नाहीये. मी सही करणार नाही."

भाऊजींचा आवाज चढला. "मग त्याला निम्मे पैसे परत काढावे लागतील. एप्रिलच्या मध्यापर्यंत नाही काढले तर दंड बसेल!"

"काढू दे की. वेळ आहे अजून."

"आमच्या घरात नवराबायकोत अशी वाटणी कधी झाली नाही."

"होत असेल, भाऊजी. मला ऐकू येणार नाही अशा बाजूला होत असेल."

कस्तुरीच्या जाऊबाई मधुमतीवहिनी पोळ्यांचा डबा हातात धरून दारातच थांबल्या. मग आत आल्या आणि कुणालाही न विचारता त्यांनी कस्तुरीच्या ताटात पोळी वाढली.

"पुढच्या वर्षीपासून तुझं रिटर्न तूच भर," भाऊजी म्हणाले.

"याच वर्षी भरते. माझे कागद द्या."

परतताना शार्दूलने एम ट्वेंटीफाइव्ह हायवेभर रेडिओ लावून ठेवला. घराजवळ आल्यावर म्हणाला, "दादासमोर बोलायलाच हवं होतं का?"

"त्यांच्यासमोर विषय मी काढला होता?"

पुढचे कित्येक दिवस तो कामापुरतंच बोलला. पण एप्रिल उजाडताच त्याने निम्मे पैसे काढले. कस्तुरीने स्वतःच्या नावाने अकाउंट उघडलं, पगारातून त्यात आपला वाटा भरला. रिटर्न भरताना एका रकान्यात घोळ घातला, चिडली, चहा करून घेतला आणि पुन्हा पहिल्यापासून भरलं.

मे महिन्यात रेडिंगच्या कानाच्या क्लिनिकला निघाली तेव्हा शार्दूल दारात शूज घालत होता.

"येऊ?"

"ये. पण बिल मी भरणार."

क्लिनिकमधल्या बाईंनी केसांत लपेल असं बारीक मशीन दाखवलं. कस्तुरीने त्याच्या शेजारचं लालभडक उचललं आणि केस वर बांधले.

एजवेअरहून जेवणाचं बोलावणं दिवाळीपर्यंत आलं नाही. तिनेही वाट पाहिली नाही.